दिवस जात नाही, वर्षं मात्र पळतात

सकाळी शाळेत जाण्याआधी दहा मिनिटं अब्बांकडे थांबायचं, हा माझा नेम आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही हट्ट्यातच, मध्ये दोन गल्ल्या. चहाचा कप हातात देऊन मी विचारते, "अब्बा, बरं आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं. "बरं आहे बेटा. दिवस तेवढा जाता जात नाही." अम्मी गेल्यापासून ते बहुतेक वेळ ओट्यावर बसून असतात, एका अजानेपासून दुसऱ्या अजानेपर्यंत. नजर कमी झाली तसं शिलाई मशीनही बंद पडलं.

आणि हेच अब्बा यंदा ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाले, "आत्ता तर मागची ईद झाली होती. वर्ष कुठं गेलं?"

मी पडले शिक्षिका. एकाच मुलानं एकाच प्रश्नाची दोन उलटी उत्तरं लिहिली, तर त्यातलं एक तरी आम्ही चूक धरतो. अब्बांची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, हे कळायला मला बराच काळ लागला.

वर्षं पळतात ही तक्रार काही एकट्या अब्बांची नाही. लग्नाच्या दावतीत, मय्यतीच्या घरी, कुठंही चार चाळिशी ओलांडलेली माणसं जमली की हा विषय निघतो. मग कोणीतरी तिरमिजी शरीफमधल्या हदीसची आठवण काढतं. कयामत जवळ आली की काळ आखडत जाईल, वर्ष महिन्याएवढं आणि महिना आठवड्याएवढा होईल, अशा आशयाची ती हदीस आहे. काही उलेमांनी याचा अर्थ वेळेतली बरकत निघून जाणं असा सांगितला आहे. त्यावर अधिक बोलण्याचा अधिकार आलिमांचा. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या वर्गातली सात-आठ वर्षांची मुलं ही तक्रार कधीच करत नाहीत. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एक अख्खा जमाना वाटतो. मला मात्र निकालपत्रकांची शाई वाळते न वाळते तोच जून आलेला असतो.

या जूनमध्येच एक तरुण बाप मुलाला पहिलीत घालायला आला. अर्ज भरताना म्हणाला, "आपा, ओळखलं नाही?" मी दाखल-खारीज रजिस्टर मागे उलटत गेले. त्याचं नाव तिथं माझ्याच अक्षरात होतं, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. मुलाचं नाव लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. तसंच जिल्ह्याचं. मी जन्मले परभणी जिल्ह्यात आणि नोकरी करते हिंगोली जिल्ह्यात, घर मात्र एक वीतभरही हललेलं नाही. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. आमच्या तोंडी अजूनही 'नवा जिल्हा' येतं. नवा जिल्हा सत्तावीस वर्षांचा घोडा झालाय!

आता हे असं का होतं? यावर सगळ्यात जुना आणि सोपा हिशेब फ्रान्सच्या पॉल जाने या तत्त्वज्ञानं १८७७ मध्ये मांडला. फळ्यावर अपूर्णांक शिकवावेत तसाच तो आहे. आठ वर्षांच्या मुलीसाठी एक वर्ष म्हणजे तिच्या आयुष्याचा आठवा हिस्सा. सेहेचाळीस वर्षांच्या बाईसाठी तेच वर्ष सेहेचाळिसावा हिस्सा. भाकरी तेवढीच, तुकडे वाढत गेले की प्रत्येक तुकडा लहान दिसणारच. अमेरिकेच्या विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात हा हिशेब दिला, पण त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्यांचं म्हणणं असं, की लहानपणी रोज काहीतरी नवं घडतं आणि ते मनात खोल उतरतं. पुढं तेच ते दिवस येऊ लागतात, सवय त्यांना गिळते, आणि मागे वळून पाहिलं तर वर्ष पोकळ दिसतं. मला जेम्स यांचं पटतं, आणि त्याचं कारण पुस्तकातलं नाही. ते दोन रमजानांचं आहे.

आपल्या हिजरी वर्षाचे दिवस ३५४ किंवा ३५५. इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा कमी. म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो पावसाळ्यातून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून थंडीत जातो आणि तेहतीस हिजरी वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना परत येतो. तेवढ्यात इंग्रजी वर्षं बत्तीसच होतात. (२०३० मध्ये तर रमजान एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा.) माझा पहिला रोजा १९८८ च्या रमजानातला. तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. तिथून रमजानची एक पूर्ण फेरी मोजली की येतो २०२० चा रमजान. आपल्याकडे त्याचा पहिला रोजा २५ एप्रिलला होता. दोन्ही वेळा तोच उन्हाळा, तेच तापलेले पत्रे आणि तोच चौदा तासांहून थोडा मोठा रोजा. गंमत म्हणजे दूरदर्शनवरही तेच होतं. १९८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं आणि गल्लीतली आम्ही सगळी पोरं, हिंदू-मुसलमान, एका घरच्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसायचो. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तीच मालिका पुन्हा दाखवली.

१९८८ मधला माझ्या रोजा-रखाईचा तो जुमा मी आजही तासातासानं सांगू शकते. तिसरीत होते. सहरीला दादीनं जबरदस्तीनं दूध-रोटी खाऊ घातली. सकाळ उड्या मारण्यात गेली. दहाच्या सुमारास पहिल्यांदा रांजणाकडे लक्ष गेलं. जुम्याची नमाज झाल्यावर अम्मीनं ओलं फडकं डोक्यावर ठेवून मला जमिनीवर झोपवलं, झोप मात्र आली नाही. अंगणातल्या कडुनिंबाची सावली भिंतीकडे सरकताना पाहत होते, ती सरकतच नव्हती. असरनंतर अब्बांनी दुकानातून येऊन नवा कुर्ता घातला. पिवळा, गळ्याला गोटा लावलेला. गळ्यात हार पडला. शेजारपाजारच्या बायका आल्या, ओंजळीत खजूर, बत्तासे, कोणी दोन रुपये ठेवत होतं. आणि मग मस्जिदीच्या मिनारावरचा बल्ब लागायची वाट. ती शेवटची दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दहा मिनिटं असतील.

आता २०२०. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला होता, शाळा बंद, मस्जिदी बंद, तरावीह घरात. बाहेरचं काही काम नाही, आपण सगळे घरात, असा निवांत रमजान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. दिवस तर इतके लांब होते की तारीख विचारून घ्यावी लागे. मी रोज संध्याकाळी तोंडाला ओढणी बांधून दोन गल्ल्या ओलांडून अम्मीकडे जायची, इफ्तार करून यायची. पुढच्या थंडीत अम्मी गेली. तो तिचा शेवटचा रमजान होता.

आणि मला त्यातला एक दिवस आठवतो, फक्त एक. ईदचा, गच्चीवर घरच्या घरी नमाज पढली तो. बाकीचे सगळे दिवस एकात एक मिसळून गेले आहेत, जणू एकच मोठी दुपार. अम्मी कोणत्या दिवशी काय म्हणाली, तिनं काय केलं होतं, तब्येतीचं काही बोलली होती का, काही नाही. आठ वर्षांच्या वयातला एक दिवस मला कडुनिंबाच्या सावलीसकट आठवतो आणि चाळिशीतला अख्खा महिना हरवला, हे माझ्या मनाला फार लागून राहिलं होतं. मी तिच्याजवळ बसून होते, हे मला माहीत आहे. पण आठवणं वेगळं.

पुढं वाचताना कळलं की यात मी एकटी नव्हते. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये रूथ ऑग्डेन या संशोधक बाईंनी लोकांना लॉकडाऊनमधला वेळ कसा जातोय हे विचारलं. शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांनी नेहमीपेक्षा वेगळा जातोय असं सांगितलं, कोणाला भराभर, कोणाला रेंगाळत. वय जास्त, मनावर ताण, माणसांच्या गाठीभेटी अपुऱ्या, अशांना तो जास्त रेंगाळल्यासारखा वाटत होता.

म्हणजे वेळ मोजायची मापं दोन आहेत, असं म्हणा ना. वेळ चालू असताना आपण घड्याळाकडे पाहून त्याला मोजतो, आणि तो गेल्यावर आठवणी मोजतो. रिकाम्या दिवसात सारखं घड्याळाकडे लक्ष जातं म्हणून तो लांबतो. संध्याकाळी त्यातलं हाताला काही लागत नाही, म्हणून वर्षअखेरीस तो हिशेबात येतच नाही. अब्बांची दोन्ही उत्तरं बरोबर ती अशी. मार्क विटमन आणि सांड्रा लेनहॉफ या संशोधकांनी २००५ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या ४९९ लोकांना हेच विचारलं होतं. गेला आठवडा, गेला महिना कसा गेला, यात तरुण आणि म्हाताऱ्यांत फारसा फरक निघाला नाही. गेली दहा वर्षं कशी गेली असं विचारल्यावर मात्र वयानं मोठी माणसं जास्त करून म्हणाली, फार लवकर. मोठ्यांचा दिवस धावत नाही, दशक धावतं.

खूण नसलेला काळ किती आखडतो, याचा एक टोकाचा प्रयोग मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणानं १९६२ मध्ये स्वतःवर केला. आल्प्समधल्या एका गुहेत, जमिनीखाली, घड्याळ न नेता तो दोन महिने एकटा राहिला. ऊन नाही, रात्र नाही. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं ती २० ऑगस्ट होती. पंचवीस दिवस त्याच्या हिशेबातून गळाले होते. हे वाचताना मला साहजिकच अस्हाबे-कहफ आठवले. जुम्याला सूरह कहफ पढणाऱ्या आपल्या घरांत त्यांची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. तीनशेहून जास्त वर्षं झोपून उठलेले ते तरुण एकमेकांना किती वेळ गेला म्हणून विचारतात आणि उत्तर येतं, एखादा दिवस किंवा त्याहूनही कमी. तो अल्लाहचा चमत्कार. सिफ्रच्या गुहेशी त्याची तुलना मी करत नाही. पण झोपलेल्याच्या हाती मोजायला काही उरत नाही, हे त्या सवाल-जवाबातून दरवेळी जाणवतं.

याच्या उलटा प्रकार मराठवाड्यातल्या आमच्या पिढीनं अनुभवलाय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाचा धक्का आमच्याकडेही बसला. फळीवरची भांडी खडखडली आणि आम्ही अंगणात धावलो. ते काही सेकंद होते, पण गावात आजही ते जो तो पाच मिनिटांचे करून सांगतो. खोटं कोणी बोलत नाही. अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या साथीदारांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात पडू दिलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लांब वाटलं. पडताना डोळे काही जास्त वेगानं पाहत नव्हते, तेही त्यांनी तपासलं. भीतीमुळे आठवण दाट साठते आणि दाट आठवण लांब वाटते, असा त्यांचा अर्थ. आमच्या दादीला सन कधी सांगता आला नाही. तिचा सगळा हिशेब 'पोलीस ॲक्शनच्या आधी', 'बहात्तरच्या दुष्काळात' असा. अब्बांचा जन्मही पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे १९४८ चा. कागदावर तारीख १ जून, कारण त्या काळी गुरुजी पोराला शाळेत घालताना सरसकट १ जून लिहायचे. त्या एका तारखेला महाराष्ट्रात किती वाढदिवस येतात, ते आम्हा मास्तर लोकांना विचारा.

मोबाइलबद्दल दोनच वाक्यं लिहिते, कारण त्यावर सगळेच लिहितात. रिकामा दिवस निदान जाताना तरी लांब वाटतो. मोबाइलवर तास जातानाही पटकन जातो आणि नंतर त्यातलं काही आठवतही नाही. हे मी मुलांना नाही, स्वतःला बजावते आहे.

तर मी शिक्षिका असूनही हे सगळं वाचून माझं काम होत नव्हतं. अम्मीचा तो महिना काही परत येत नव्हता. तो आला एका लोखंडी पेटीतून.

माझ्या मुलीला आता पुण्याला बी. फार्म.ला जायचंय. प्रवेशासाठी जुनी कागदपत्रं लागतील म्हणून एका रविवारी अब्बांकडची पेटी उघडली. त्यात त्यांच्या मापाच्या वह्या निघाल्या. शिलाईचं दुकान होतं तेव्हाच्या, एका वर्षाला एक. लांबी, छाती, तीरा, बाही. ईदच्या आधीची पानं गच्च भरलेली. अब्बांना वाचता येत नाही आता, मी वाचून दाखवू लागले आणि ते ओट्यावर बसल्या बसल्या माणसं सांगू लागले. हा पाटलांचा मधला मुलगा, याला डावा खांदा खाली होता. हे लग्नाचं जोडपं, तीन दिवसांत सहा कपडे. बहात्तरची वही नाहीच. "त्या साली कोण शिवणार होतं? मी खडी फोडायला जात होतो. मिलोच्या भाकरी खाल्ल्या." १९८८ च्या वहीत माझ्या पिवळ्या कुर्त्याचं माप सापडलं, लांबी बावीस. पुढं तयार कपडे आले तशा वह्या पातळ होत गेल्या. त्या वर्षांचं विचारलं की अब्बा म्हणतात, "तेव्हा काय, तेच ते. चेन बसवा, पायजमा आखूड करा." दहा-बारा वर्षं त्यांनी त्या एका वाक्यात उरकली.

सगळ्यात खाली शाळेची एक दोनशे पानी वही होती. उघडली तर उर्दू अक्षर अम्मीचं. वर लिहिलेलं रमजान, हिजरी १४४१. म्हणजे २०२० चा. खाली रोज एक ओळ. तिसरा रोजा, मास्क १४. चौथा रोजा, मास्क २०. पाचवा, ११, दोरा संपला.

मला काहीच आठवेना. "अब्बा, तुम्ही मास्क शिवत होता?"

"मग? दुकान बंद, माणूस काय करणार? जुन्या चादरी होत्या, कापडाची ताग्याची शेवटं होती. गल्लीत वाटले, भाजीवाल्यांना दिले. इलॅस्टिक मिळेना म्हणून नाड्या. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो तुझी अम्मी ओवायची. नाड्या तीच कापायची आणि लिहायचीही तीच. म्हणायची, इतक्या वर्षांत तुमच्या दुकानात मला पहिल्यांदा नोकरी लागली."

अम्मी असं म्हणाली होती, हे मला पहिल्यांदा कळत होतं. मी पुढं वाचत गेले आणि अब्बा एकेका ओळीला काहीतरी जोडत गेले. नवव्या रोजाला फुलांची चादर फाडली, अम्मी नको म्हणत होती, तिच्या जहेजमधली होती. पंधराव्याला भाजीवाल्यानं मास्कच्या बदल्यात टरबूज आणून ठेवलं, इफ्तारला तेच. अठराव्याला सुई मोडली आणि दोन दिवस काम बंद. एकोणिसाव्याला तिला दम लागला होता, पण कोणाला सांगू नको म्हणाली. "कोणाला म्हणजे तुला," अब्बा म्हणाले. थोडा वेळ आम्ही दोघं गप्प बसलो.

एकाच घरात, एकाच महिन्यात आम्ही होतो. माझ्यासाठी तो महिना बंद शाळेचा होता, म्हणून पुसला गेला. बहात्तर वर्षांच्या अब्बांनी त्या महिन्यात आयुष्यात कधी न शिवलेली वस्तू शिवली आणि बायकोबरोबर पहिल्यांदा दुकान चालवलं. त्यांचा एकेक रोजा वेगळा उभा होता.

"सत्ताविसाव्या रोजासमोर काहीच लिहिलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी काम केलं नाही?"

"लाईट नव्हती त्या दिवशी. मशीनचा दिवा लागत नव्हता, घरात बसवत नव्हतं. इफ्तार गच्चीवर केला. पाण्याचा माठ वर कोणी नेला, आठवतं का?"

"कोणी?"

"तूच की. जिन्यात अर्धा सांडलास आणि तुझी अम्मी खालून ओरडली, अगं रोजा सुटायला अजून पाच मिनिटं आहेत, आत्ताच काय आंघोळ करतेस."

आणि मला ओला जिना आठवला. अनवाणी पायाला लागलेला तो गारवा, हातात निम्मा माठ, आणि खाली दारात उभी राहून हसणारी अम्मी. मी वहीत सत्ताविसाव्या रोजासमोर, अम्मीच्या अक्षराखाली, उर्दूतच लिहिलं, लाईट नाही, माठ सांडला. अब्बा म्हणाले, "वाच पुढं, अठ्ठाविसावा."